लाल रिळांचा कट्टा

मित्रांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा बघू. भिंतीला शिलाई मशीनची सुटी चाकं टांगलेली आहेत. खिडकीखाली लांब टेबल आहे. त्यावर बिस्किटांच्या जुन्या डब्यांत बारीक स्क्रू, सुया आणि बॉबिन भरलेल्या आहेत. आणि टेबलाच्या टोकाला, पिवळट पडलेला, पाठीला पोक आल्यासारखा दिसणारा एक कॉम्प्युटर आहे. दिसला? तो मी. माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी खाऊन टाकली आहेत, आणि मी जागा होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन होतो.

मी आधी एका टायपिंगच्या क्लासात होतो. तिथून मला या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकांनी आणलं. आज त्यांना नात आहे म्हणून मीही त्यांना आजोबाच म्हणतो. तेव्हा ते नुसते 'मशीनवाले' होते. गावोगावहून त्यांना फोन यायचे. दोरा तुटतो, टाके सुटतात, सुई मोडते. एक दिवस ते वैतागून मुलीला म्हणाले, "तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं. हे कुठं लिहून ठेवता येईल का गं?"

"नुसतं लिहून कशाला ठेवायचं, बाबा? लोकांनाच एकमेकांशी बोलू द्या की!" ती म्हणाली.

अशा रीतीने माझ्या पोटात इंटरनेटवरचा एक कट्टा सुरू झाला. दूरदूरची माणसं तिथं यायची, प्रश्न लिहायची, उत्तरं लिहायची. पहिल्या वर्षी एकूण त्रेचाळीस माणसं होती. मला त्यांच्या लिहिण्याच्या सवयीसुद्धा पाठ झाल्या होत्या. एक म्हातारे शिंपी प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबं द्यायचे. 'सुईदोरा' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एक बाई होत्या. त्या प्रत्येकाला 'बाळ' म्हणायच्या, समोरचा साठीचा असला तरी!

आजोबांनी दोनच नियम केले होते. पहिला, प्रश्न विचारताना आपण आधी काय काय करून पाहिलं ते लिहायचं. दुसरा, उत्तर मिळालं की आठ दिवसांच्या आत परत यायचं आणि 'झालं' किंवा 'झालं नाही' हे सांगायचं. तोवर त्या प्रश्नाशेजारी लाल रिळाचं चित्र राहायचं. 'झालं' लिहिलं की रीळ हिरवं व्हायचं. लाल रीळ बाकी असेपर्यंत नवा प्रश्न विचारता यायचा नाही.

काय गंमत असायची त्यात! संध्याकाळी दुकान आवरलं की आजोबा माझ्यासमोर बसून लाल रिळं मोजायचे. "त्या शाळेतल्या बाईंचं अजून लाल आहे बघ," ते मुलीला सांगायचे. "उत्तर चुकलं की काय माझं?" आणि कधीकधी खरंच चुकलेलं असायचं. मग तिथंच, सगळ्यांसमोर ते लिहायचे, 'मी चुकलो. स्क्रू उलटा फिरवा.' कोणी हसायचं नाही.

मग एका वर्तमानपत्रात कट्ट्याबद्दल चार कौतुकाच्या ओळी छापून आल्या, आणि माणसं लोटली. त्रेचाळिसाचे चार हजार झाले, चार हजारांचे लाख. माझा पंखा दिवसभर धापा टाकायला लागला. शेवटी कट्टा माझ्यातून उठून दूरच्या मोठ्या, दणकट यंत्रांवर राहायला गेला. मी नुसती त्याच्याकडे बघायची खिडकी उरलो. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू? अभिमानही वाटला. आता कोणी अडलं की पाच मिनिटांत उत्तर मिळायचं. आलेली माणसंही वाईट नव्हती. फक्त ती घाईत होती.

आजोबा सकाळी दात घासायच्या आधी सभासदांचा आकडा बघायला लागले. नवीन लोक तक्रार करायचे, 'परत येऊन सांगायची ही काय सक्ती?' एका सकाळी आजोबांनी दोन्ही नियम काढून टाकले. रिळं गेली. त्यांच्या जागी अंगठे आले. आवडलं की अंगठा द्यायचा, बस्स.

त्यानंतर हळूहळू एक बदल होत गेला. आधी लिहिणाऱ्याला जास्त अंगठे मिळायचे, म्हणून जो तो आधी लिहायला धावायचा. विनोदाला त्याहून जास्त, म्हणून विनोद वाढले. कोणती मशीन चांगली यावरून भांडणं जुंपली. तीन टिंबंवाले शिंपी कधी दिसेनासे झाले, ते कळलंही नाही. लाखात एक कमी झाला तर आकड्याला काय समजणार?

आता बारकीची गोष्ट सांगतो. बारकी म्हणजे आजोबांची अकरा वर्षांची नात. तिची आई, म्हणजे कट्टा सुचवणारी आजोबांची मुलगी, बेकरीवाल्यासाठी वीस पांढरे अ‍ॅप्रन शिवत होती, आणि ते शनिवारी द्यायचे होते. बुधवारी मशीन बिघडलं. कापडाच्या खाली दोऱ्याचा नुसता गुंता! आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, आणि आई त्यांच्याजवळ. बारकीने ठरवलं, आई यायच्या आत आपणच दुरुस्त करायचं.

ती माझ्यासमोर बसली आणि मला म्हणाली, "आजोबांचाच कट्टा आहे. तिथं चुकीचं कोण सांगेल?"

तिने प्रश्न लिहिला. भराभर उत्तरं आली. सगळ्यात वर, नऊशे अंगठ्यांचं उत्तर होतं, 'घरातलं खायचं तेल पाजा भरपूर. उपाशी आहे ते!' लिहिणाऱ्याने गंमत केली होती. अंगठा देणारे हसले होते. पण मित्रांनो, अंगठ्यामागचं हसू दिसत नाही. बारकीला फक्त नऊशे दिसले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्याजवळ पंख्याच्या घरघरीशिवाय आवाज नाही.

तिने वाटीभर तेल ओतलं. गुंता सुटला नाहीच, उलट सुईजवळून तेल ठिबकलं आणि शिवून झालेल्या पाच अ‍ॅप्रनांवर पिवळे डाग पडले.

गुरुवारी आजोबा एका डोळ्याला पट्टी बांधून घरी आले. "खायचं तेल?" ते म्हणाले. "अगं, आठवड्यात त्याचा गोंद होईल आत! हे अक्कल पाजळणारं कोण भेटलं तुला?"

"तुमचा कट्टा," बारकी म्हणाली, आणि रडायला लागली.

आजोबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "बंद करून टाकतो. लोकांच्या घरातली मशीन बिघडवायला काढला होता का मी हा कट्टा?"

डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. म्हणून आजोबा सांगत गेले आणि आईने मशीन खोलून भाग न भाग पुसून काढला. पण गुंता तसाच. एकाच उघड्या डोळ्याने आजोबांना दोऱ्याची वाट दिसेना. बारकी मात्र माझ्यावर कट्ट्याची पानं खाली खाली सरकवत होती. अगदी तळाशी, तीनच अंगठ्यांचं एक उत्तर होतं. 'बाळ, आत काही घालू नकोस. कापड दाबणारा पाय आधी वर उचल, मग वरचा दोरा काढून पुन्हा ओव. पाय खाली असताना ओवलेला दोरा नीट बसत नाही. आणि झालं की नाही, सांगायला ये.'

"सुईदोरा!" आजोबा म्हणाले. "अजून आहेत त्या?"

आईने पाय उचलून दोरा ओवला. चाक फिरवलं. सरळ, स्वच्छ टाका पडला. "आता राहिलेले शिवायचे आणि हे पाच पुन्हा," ती म्हणाली. "होतील शनिवारपर्यंत."

बारकी मात्र जुनी पानं बघत होती. "आजोबा, इथं सगळ्यांच्या शेवटी 'झालं' असं का लिहिलंय?"

आजोबांनी तिला लाल रिळांची सगळी हकिगत सांगितली.

"मग तो नियम गेला कुठं?"

"मी काढला."

"का?"

"आकडा वाढत होता, बाळ."

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझं एकच मागणं आहे. ज्याने तुम्हाला उत्तर दिलं, त्याच्याकडे एकदा परत जा. बरोबर निघालं तर सांगा, चुकलं तर तेही सांगा. कितीही मोठा कट्टा असला तरी तो परत येणाऱ्या माणसांवरच टिकतो.

"मग कट्टा बंद करू का गं?" आजोबांनी विचारलं.

"थांबा, आधी माझं एक काम राहिलंय," असं म्हणून बारकीने स्टूल पुढे ओढलं. पुसलेली अक्षरं अंदाजाने शोधत तिने तेलवाल्या उत्तराखाली लिहिलं, 'झालं नाही. पाच अ‍ॅप्रन खराब झाले. कोणीही करू नका.' तळाशी जाऊन लिहिलं, 'सुईदोरा आजी, झालं.' मग तिने कुणाचा तरी दोन महिने पडून असलेला, एकही उत्तर नसलेला प्रश्न उघडला आणि लिहिलं, 'तुम्ही आधी काय काय करून पाहिलंत?' आणि हनुवटी टेबलावर टेकवून ती उत्तराची वाट बघत बसली.