लालीबाईची पुरी कबुली

“साहेबानं इचारलं का ‘कबूल हाये’ म्हन अन् गप राह्य,” कोर्टाचा शिपाई अब्दुल गनी तिसऱ्यांदा सांगत होता. “पह्यलाच गुन्हा हाये, तुहं वय झालं हाये. साहेब समज देऊन सोडून देते.”

“गप कायले राहू?” लालीबाई म्हणाली. “म्या काढली, तं म्याच सांगन.”

गनीने कपाळाला हात लावला.

वणीच्या कोर्टाच्या ओसरीत ती बसली होती. साठी उलटलेली बंजारा म्हातारी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. शेजारी नात सुखी. पोरीची आई ती रांगत असतानाच गेली, आजीनंच वाढवली. आठ दिवसांवर सुखीचं लग्न, आणि त्या लग्नासाठीच म्हातारीने मारेगावकडच्या नाल्याकाठी मोहाची भट्टी लावली होती. पोलिसांनी मडक्यांसकट धरलं. आज सुटली तर ती मांडवात, नाहीतर तुरुंगात. बाकी प्रश्नच नव्हता.

मुंबई राज्याची दारूबंदी वऱ्हाडात येऊन दोन वर्षं झाली होती, पण ती काही म्हातारीच्या गळी उतरली नव्हती. कसे दिवस होते ते, तिला आठवायचं. चैतात झाडाखाली फुलांचा सडा पडायचा, आईबरोबर टोपल्या भरायच्या. पहिली धार देवीला, दुसरी तांड्याच्या प्रमुखाला, नाईकाला, मग पाहुण्यांना. पाच तांड्यांच्या सोयरिकी लालीबाईच्या हातच्या दारूवर पक्क्या झालेल्या. ती पिऊन कुणी भांडलं नाही असं नाही, पण समेटही तिच्याच मडक्यावर व्हायचा. तो मान आता गेला होता, आणि त्याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं.

न्याय मात्र तिला एकच ठाऊक होता, तांड्याचा. चुकलेल्यानं नाईकासमोर उभं राहायचं आणि आपल्या तोंडानं सगळं सांगायचं. सांगितलं की दंड होतो, गूळ वाटला जातो, कुणीतरी हात धरून पंगतीत बसवतं, विषय संपला. अर्धं पोटात ठेवलं तर मात्र वाळीत.

पुकारा झाला. साहेब तरुण होते, घाटावरून बदलून आलेले. “गुन्हा कबूल आहे का?”

“हो साहेब. म्याच काढली.”

दाराशी गनीने सुस्कारा सोडला. साहेबांनी लेखणी उचलली आणि म्हातारीकडे जरा मायेनंच पाहिलं. “पहिल्यांदाच घडलं ना हे, बाई?”

गनीने ओठांवर बोट ठेवलं. लालीबाईनं पाहिलं, आणि हात जोडले.

“नाई साहेब. चाळीस वर्सं झाले. मायनं शिकवलं. बंदी आली त्या सालीबी काढली, होळीले काढली, देवीले काढली. रामलाल नाईकाच्या पोराच्या लग्नात दहा मडके काढले. सारं सांगतलं, पोटात काई ठेवलं नाई.”

साहेबांनी चष्मा काढला. “एवढं सगळं कुणी विचारलं होतं, बाई?”

“न्यावापुढं अर्धं सांगू नाई, साहेब.”

त्यांनी कारकुनाच्या कागदाकडे पाहिलं. त्यानं शब्दन् शब्द लिहून घेतला होता. तीन महिन्यांची कैद झाली.

लालीबाई जागची हलली नाही. आता कुणीतरी हात धरेल, म्हणून ती उभी होती. हात धरला, तो पोलिसानं.

तिला यवतमाळच्या तुरुंगात न्यायचं होतं, एसटीला अवकाश होता. बाहेर निंबाखाली सुखी तिच्या गळ्यात पडली. “लग्न पुढं ढकलू, दादी.”

“धरलेली तिथी मोडत नसते, बाई.”

“मंग मले ढावलो कोन शिकवन?”

बंजाऱ्याची नवरी माहेर सोडताना एकेकाच्या गळ्यात पडून सूर लावून रडते, तो ढावलो. घरच्या म्हातारीनं तो नवरीला शिकवायचा असतो, आणि शिकवायला आठ-आठ दिवस लागतात. लालीबाईनं पोलिसाकडे पाहिलं. तो भला माणूस होता, पाठ फिरवून बिडी ओढू लागला. तिनं नातीच्या खांद्यांवर हात ठेवले आणि पहिली ओळ म्हटली. सुखीनं तिच्यामागून म्हटली. दुसरी म्हटली. सुखीचा सूर चुकला, तर म्हातारीनं ती पुन्हा म्हणून घेतली. गनी दारात पुढच्या नावाचा पुकारा करायला आला होता, तो तसाच थांबला.

एसटी आली. म्हातारी पायरीवर चढून वळली.

“तिसरी ओळ उंच घेजो,” ती म्हणाली. “तिथंच साऱ्यायले रडू येते.”

गाडी हलली. धुरळ्यात उभ्या सुखीनं तिसरी ओळ उंच घेतली.