कोटांचा ढीग

"थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला पिस्तूल घेऊन आलास तर दारातूनच परत पाठवीन," बहीण लॉर्नाने दम दिला होता. रॉइस हो म्हणाला होता, पण कमरेचं पिस्तूल त्याला दारात आठवलं. आता ते ठेवायला गाडीकडे गेलो तर 'आला मोठा शेरीफ' म्हणतील, म्हणून त्याने ते गुपचूप कोटाच्या खिशात सरकवलं. लॉर्नाने कोट घेतला आणि दरवर्षीसारखा पलंगावरच्या कोटांच्या ढिगात टाकला.

टर्की कापताना आईने विचारलं, "टेसा कुठाय गं?"

"तुझी नात कोटांत लपलीय," लॉर्ना म्हणाली.

 रॉइस आत धावला. ढीग हलत होता, खिदळत होता. ओरडावं तर पोर दचकेल.

"टेसा, बाहेर ये, बाळा."

"मामा, आधी हात वर!"