टांगल्याशिवाय घ्यायचं नाही

मित्रांनो, मला हात एकच आहे आणि तोही वाकडा. डोक्यावर एक कडी, पोटात एक स्प्रिंग, छातीवर आकड्यांची पट्टी आणि तिच्यावरून वर-खाली पळणारी एक लाल सुई, एवढाच माझा संसार. मी एक जुना ताणकाटा आहे. वजन करताना तुम्ही मला कधीतरी पाहिलं असेल, पण माझ्याकडे कुणी पाहत नाही. सगळ्यांचे डोळे सुईवर.

कारखान्यात मला घडवणाऱ्या कारागिराने मला खिळ्याला अडकवलं, हुकाला एक गोल वजन लावलं आणि सुई थांबेपर्यंत स्वतःचा श्वास रोखून धरला. मग म्हणाला, "खरं बोललास रे." आम्हा काट्यांचं शिक्षण तेवढंच. ओझं आलं की वाकायचं, गेलं की सरळ व्हायचं आणि मधल्या वेळात खरं बोलायचं.

माझा पहिला धनी रद्दीवाला होता. सायकलच्या दांडीला मला अडकवून तो गल्लोगल्ली फिरायचा. जुन्या कागदांना एक झोपाळू वास असतो. त्या वासात मी डुलत राहायचो. "काटा बरोबर आहे ना हो?" बायका दारातून विचारायच्या. "काटा माझा, पण सुई तुमच्यासमोर आहे, ताई," तो म्हणायचा. संध्याकाळी घरी आला की आपल्या दोन मुलींना एका चादरीच्या झोळीत घालून माझ्या हुकाला लावायचा. थोरली हसून हसून सुईला थांबूच द्यायची नाही. धाकटी मात्र टांगली की झोपायची. झोपलेलं मूल किंचित जड लागतं. हे कुठल्याही पट्टीवर दिसत नाही, पण मला माहीत आहे.

मग धनी गेला. मुली मोठ्या झाल्या. मला स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलं आणि माझ्यावर पिशव्या, पिशव्यांवर पिशव्या. त्या अंधारात मी किती वर्षं झोपलो कोण जाणे! एकदा दार जोरात आपटलं आणि मी फरशीवर पडलो. तेव्हापासून माझी सुई रिकाम्या पोटीही एकावर उभी राहू लागली. घरात सगळ्यांना ठाऊक झालं : काटा एक किलो जास्त दाखवतो, एक वजा करायचा. दुरुस्त मात्र कुणी केला नाही. चालतंय ना, मग चालू दे.

अशात एक दिवस थोरलीने पिशव्यांच्या ढिगातून मला बाहेर काढलं. आता ती आई झाली होती. तिच्या मुलीला सगळे टिकली म्हणत. एवढीशी, पण कुठे लावली तर निघायची नाही. टिकलीच्या बाबांना परदेशातल्या सुट्टीची फार स्वस्त तिकिटं मिळाली होती. इतकी स्वस्त, की तिघांत मिळून मोठी बॅग एकच, आणि तीही तेवीस किलोंची. हातातल्या बॅगा म्हणजे नुसत्या पिशव्या.

"स्वस्त तिकीट म्हणजे असंच," आई म्हणाली. "पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताट लहान ठेवायचं."

तिने मला आपल्या खांद्यावरच्या पिशवीत टाकलं आणि घरात नियम केला : "टांगल्याशिवाय घ्यायचं नाही." म्हणजे दुकानात कितीही मोह झाला तरी वस्तू आधी माझ्या हुकाला लागणार, मगच पिशवीत जाणार.

मित्रांनो, ते दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. त्या परक्या शहरात उजेड उशिरापर्यंत रेंगाळायचा आणि दुकानांच्या काचांवर अर्ध्या किमतीच्या पाट्या लागलेल्या असायच्या. आई मला बाहेर काढायची आणि माझ्या हुकाला एकेक वस्तू येऊन लटकायची. लोकरीचा कोट, ढगासारखा. बूट, आतून रिकामे तरी कुणीतरी चालत आल्यासारखे. काचेचे पेले, त्यांना टांगलं की माझीच छाती धडधडायची. दुकानदार टकामका बघायचे. टिकलीचे बाबा दोन पावलं लांब उभे राहून आपण यांच्यातले नाहीच असा चेहरा करायचे.

पण आईचं खरं लक्ष यातल्या कशातच नव्हतं. ती एक कात्री शोधत होती.

तिची धाकटी बहीण, टिकलीची मावशी, शिवणकाम करायची. ती डावखुरी. आमच्याकडे कात्र्या सगळ्या उजव्या हाताच्या. त्याच ती उलट्या धरून वर्षानुवर्षं कापड कापत आली आणि त्यात तिचा अंगठा सुजून सुजून वाकडा झाला. "अशीच कापत राहिलात तर शिवण सोडावं लागेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. शिवण सोडून ती खाणार काय? निघताना ती फक्त एवढंच म्हणाली होती, "जमलं तर डाव्या हाताची एक कात्री बघ गं. नाही मिळाली तर राहू दे." जी कधी काही मागत नाही, तिने मागितलं की ते फार जड असतं, मित्रांनो.

शेवटच्या दुपारी ती कात्री सापडली. शिवणाच्या सामानाचं एक दुकान बंद होत होतं आणि कोपऱ्यात, कुणी घेत नाही म्हणून धूळ खात, ती पडली होती. काळ्या मुठीची, लांब पात्यांची, शिंप्याची कात्री. आईने डाव्या हातात धरून पाहिली. तिला ती चालवता येईना. "हीच!" ती म्हणाली. "मला जमत नाही म्हणजे हीच."

आता भाव करायचा. भाषा येत नव्हती, म्हणून आईने ठेवणीतली युक्ती काढली : मान हलवायची, वस्तू खाली ठेवायची आणि निघाल्यासारखं करायचं. मागून हाक येतेच. ती दारापर्यंत गेली. हाक आली नाही. पायरी उतरली. हाक नाही. म्हातारा दुकानदार शांतपणे फडक्याने बरण्या पुसत होता.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता काय! काहीतरी विसरल्यासारखं करते."

ती परत आत गेली, कान लाल करून. दुकानदाराने कात्री जाड कागदात गुंडाळली आणि, काय त्याच्या मनात आलं, भाव न करताच थोडे पैसे परत केले. तिथून बाहेर पडल्यावर आई रस्त्यावरच्या एका टेबलापाशी थबकली. निळ्या चकाकीचा एक मातीचा वाडगा होता, पहाट भरून ठेवल्यासारखा. तिने तो घेतला. कुणासाठी ते बोलली नाही. मला मात्र हातावरून कळलं. दुसऱ्यासाठी घेतलेली वस्तू ती झटकन टांगायची. ही तिने हलकेच लावली.

निघायच्या दिवशी खोलीवर मोठी बॅग भरली. बाबांनी कडी धरून मला उचललं. आई बॅग सावरत होती आणि टिकली सुईसमोर बसली होती. सुई चोविसावर थांबली. टिकली शहाणी. तिने मनातल्या मनात एक वजा केला आणि ओरडली, "तेवीस!"

आईने आपला एक वजा केला. म्हणजे बावीस. "एक किलोची जागा आहे," असं म्हणून तिने निळा वाडगा आत ठेवला. "अहो, झाली हं बरोबर तेवीस!"

बाबांनी मान डोलावली आणि आपला एक वजा केला. आई तोंड धुवायला गेल्यावर त्यांनी जुन्या बाजारात घेतलेला पान्यांचा संच कपड्यांखाली सरकवला. हुशार माणसांच्या घरात हिशेब असा तीनदा होतो. मग सगळ्यात वर मला ठेवलं आणि चेन ओढली. कपड्यांच्या उबेत मला डुलकी लागली.

जाग आली ती मोठ्या गलक्याने. विमानतळावर सामान द्यायच्या खिडकीत आमची बॅग पट्ट्यावर पडली होती. खिडकीतल्या मुलीने मान हलवली. अडीच किलो जास्त.

"शक्यच नाही," आई म्हणाली. "मी एक वजा केला होता."

"मीपण केला होता," बाबा म्हणाले.

"मी तर आधीच केला होता!" टिकली म्हणाली.

अंगावर घालण्यासारखं सगळं आधीच अंगावर होतं. बाबा दोन कोटांत गोधडीसारखे दिसत होते. हातातल्या पिशव्या काठोकाठ भरलेल्या, आणि त्यांच्याबाहेर सुटं काही न्यायची परवानगी नव्हती. बाजूच्या बाकावर बॅग उघडली आणि भर लोकांत आमचा संसार मांडला गेला.

बाबांनी कात्रीचा कागद उचलला. "ही पिशवीत कोंबू?"

"कात्री घेऊन विमानात? मग आपल्याला कोण घेईल? आणि ती ठेवून जायचं मनातही आणू नका. बाकी काहीही काढा."

पाने निघाले. आईने नुसतं बघितलं. "किती वर्षं शोधत होतो गं," बाबा पुटपुटले. त्यांनी बुटांना हात लावला तर बूट उचलेनात. आत समुद्रावरचे गुळगुळीत गोटे, दोन्ही बूट भरून.

"टिकले! हे टांगले होते का?"

"टांगायचं घ्यायच्या वस्तूंना होतं ना? हे तर फुकट होते. सगळ्यात स्वस्त खरेदी माझीच!"

खिडकीपाशी झाडाची मोठी कुंडी होती. टिकलीने एकेक गोटा तिच्यात नेऊन ठेवला, झोपवल्यासारखा. एक मुठीत राहिला, त्याकडे सगळ्यांनी काणाडोळा केला. बॅग पुन्हा पट्ट्यावर. अजून अर्धा किलो जास्त.

आई बाकाशी गेली आणि तिने निळा वाडगा बाहेर काढला.

"आई, तो नाही!" टिकली तिच्या हाताला लोंबकळली. "तो एकच तुझा आहे."

"सगळ्याचा हिशेब लागला," बाबा कपाळ खाजवत म्हणाले. "मग हा अर्धा किलो आला कुठून?"

"काट्याला कुणी टांगलं होतं?" टिकलीने विचारलं.

मित्रांनो, मी जन्मभर दुसऱ्यांना तोललं, पण मला स्वतःला टांगून घेता येत नाही. बाबांनी मला उचलून त्या मोठ्या पट्ट्यावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं वजन करत होतं. गार रबरावर मी आडवा पडलो होतो. बरोबर अर्धा किलो. कसं सांगू, मला थोडी लाज वाटली आणि थोडं बरंही वाटलं.

"तुझ्या वडिलांचा आहे," बाबा आईला म्हणाले. "तूच ठरव."

आईने मावशीला फोन लावला. सगळं ऐकून मावशी कडाडली, "बाबांचा काटा सोडून येतेस? डोकं ठिकाणावर आहे का ताई? कात्री ठेव तिथेच. इतकी वर्षं उजवी कात्री चालवली, अजून चालवीन."

"आणि अंगठा?"

"अंगठ्याचं राहू दे गं."

"मग वाडगा ठेवते," आई म्हणाली.

"कसला वाडगा?"

"निळा आहे एक. घेतला मी. माझ्यासाठी."

"तू? स्वतःसाठी? मग त्याला तर हात लावू नकोस बाई, असा योग पुन्हा कधी यायचा!" दोघी एकदम हसल्या. मग मावशी हळू आवाजात म्हणाली, "ताई, बाबा काय म्हणायचे? काटा घरात शोभत नाही, गिऱ्हाइकापाशी शोभतो. दाराआड तर आपणच टांगला होता ना त्याला?"

आईने डोळे पुसले. "अहो, पण याची सुई? परक्या माणसाला काय माहीत, एक वजा करायचा ते?"

बाबांनी आपल्या पान्यांतली बारीक पक्कड काढली. ते बाकावर बसले आणि त्यांनी माझी सुई अगदी अलगद शून्यावर आणली. किती वर्षांनी मला माझं रिकामेपण नीट कळलं! पान्यांचा तो संच त्यांनी ट्रॉल्या गोळा करणाऱ्या माणसाला दिला. तो इतका खूश झाला, की त्यानेच मला बाकाजवळच्या खांबावर, सगळ्यांचा हात पोचेल असं अडकवलं. आईने माझ्या हुकात आपलं बोट अडकवलं आणि सोडवलं. मग ती बॅग, आत निळा वाडगा आणि काळ्या मुठीची कात्री घेऊन, रबरी पडद्याआड गेली.

तेव्हापासून मी इथेच आहे. दिवसभर माणसं येतात, अडतात, बॅगा उघडतात. कुणाच्या सामानात चार सारखेच डबे निघतात आणि घरी कुणीतरी वाट पाहत असलेली बाहुली तेवढी राहून गेलेली असते. मध्येच सगळं शांत होतं आणि मला कापड कापल्याचा आवाज ऐकू येतो. खरं सांगायचं तर तो इथपर्यंत येणं शक्य नाही. पण मी ऐकतो.

मित्रांनो, दोनच गोष्टी सांगतो. बॅग भरताना, जिची कुणी वाट पाहतंय ती वस्तू आधी ठेवा. अर्ध्या किमतीला मिळालेल्या वस्तू उरलेल्या जागेत आपोआप मावतात, आणि नाही मावल्या तरी कुणाचं अडत नाही. आणि तुमच्या घरी दाराआड माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल, तर त्याची धूळ पुसा, सुई शून्यावर आणा, त्याला काम द्या. आम्हाला ओझ्याची भीती वाटत नाही, आम्हाला विसरलं जाण्याची वाटते.

बरं, थांबतो आता. एक आजोबा आलेत. त्यांची पिशवी दोरीने बांधलेली आहे आणि ती हुकाला लावू की नको, असं त्यांना झालंय. लावा आजोबा, निर्धास्त लावा. मी वाकतो.