मधली भिंत

गणिताच्या सरांचा आवाज म्हणजे नुसती तोफ. मुलांनी त्यांना तोफखानाच नाव ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात काही खोटं नव्हतं. नेमका त्यांचा वर्ग गाण्याच्या खोलीला लागून, आणि त्या खोलीत गाणं शिकवायला त्यांचीच बायको. सरांचा आवाज चढला की पलीकडून बाई अंगठीने भिंतीवर ठोकायच्या. टक, टक. म्हणजे पुरे आता. ते ऐकलं की सर जागच्या जागी गप्प. अख्खा वर्ग तोंडावर हात धरून हसायचा, आणि सर लटक्या रागाने म्हणायचे, घरी बोलायची सोय नव्हतीच, आता इथेही राहिली नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. आजारपण लांबलंसुद्धा नाही, बघता बघता सगळं संपलं. सर रजेवरून परत आले ते निम्मे होऊन. फळ्याकडे तोंड करून पुटपुटत शिकवायचे, मागच्या बाकापर्यंत काही पोचायचं नाही. मग एकदा कुणीतरी सोपा भागाकार पार उलटा करून दाखवला, आणि सरांचा तोल सुटला. ओरडले ते असे की खिडक्या हादरल्या.

आणि भिंतीतून आलं. टक, टक.

मुलं पानं उलटत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. सर धावत बाहेर गेले. गाण्याच्या खोलीला कुलूप, कुलपावर धूळ.

भीती वाटली असेल म्हणता? छे! जीव भांड्यात पडला त्यांचा. त्या दिवसापासून सर रोज ओरडायला लागले. कारण नसलं तर शोधायचे. पहिल्या बाकावर एक मुलगी होती, वजाबाकीत हातचा विसरायची. ती तर आयतीच सापडली. सरांची चाहूल लागली की बिचारी वहीत तोंड लपवायची. हे बरं नव्हतं, अजिबात बरं नव्हतं, आणि सरांना ते कळत होतं. संध्याकाळी ठरवायचे, उद्या ओरडायचं नाही. पण सकाळ झाली की पुन्हा तेच. त्या दोन ठोक्यांसाठी माणूस कासावीस झाला होता.

गाण्याच्या खोलीत नव्या बाई आल्या आणि पंचाईत झाली. सरांच्या आरडाओरड्यात मुलांना सूर लागेना. मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना समजावलं, मग दटावलं, आणि शेवटी गाण्याची खोली साऊंडप्रूफ करायचं ठरवून मोकळ्या झाल्या. हे कळलं तेव्हा सर धावत गेले, मी गप्प बसतो म्हणाले, हात जोडले. आता फार उशीर झाला, असं उत्तर मिळालं. खरं कारण सांगणार तरी कसं? माझी बायको भिंतीत आहे, काम थांबवा, असं म्हणणाऱ्याला शाळेत कोण ठेवेल? बायकोला हाक मारता मारता आपणच मध्ये भिंत घालून घेतली, हा विचार त्यांचं काळीज कुरतडत राहिला.

काम करायला आला त्या कारागिराला शिक्षकांनी चिडीचूप नाव ठेवलं. गाण्याच्या खोलीत त्याने जुन्या भिंतीपासून सुटी अशी बोर्डांची दुसरी भिंत उभी केली आणि मधल्या पोकळीत लोकरीसारखं भरण भरलं. दोन्ही भिंती कुठेही एकमेकींना टेकता कामा नयेत, यावर त्याचा भारी कटाक्ष. एक खिळा टेकला तरी आवाज त्याच्यावरून चालत पलीकडे जातो, म्हणायचा. सर हळूच म्हणाले, मग एक खिळा राहू द्या की. चिडीचूपला वाटलं थट्टा करताहेत. मनापासून हसला.

सुट्टीच्या दिवशी चाचणी ठेवली. एकाने सरांच्या वर्गातून ओरडायचं, दुसऱ्याने गाण्याच्या खोलीत बोर्डाला कान लावायचा, आणि ओरडणाऱ्याने भिंतीला बोटसुद्धा लावायचं नाही. चाचणी हवेतल्या आवाजाची होती, भिंतीला हात लागला तर ती फुकट. ओरडायला अर्थातच सर. शाळेत दुसरं होतं कोण?

सर भिंतीपासून लांब, टेबलाशी उभे राहिले. आधी पाढे ओरडले. मग रिकाम्या बाकांना शिव्या घातल्या. काही नाही. मग घसा फाटेपर्यंत, घरी मारायचे तीच हाक मारली.

"अगं, ऐकतेस का?"

भिंत गप्प. सर मटकन खाली बसले. गेली, आता खरंच गेली, असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले.

डोळे पुसतात न पुसतात तोच चिडीचूप आत आला. काम फत्ते, म्हणाला, तुमचा एक शब्द आला नाही. पण चेहऱ्यावर नाराजी होती.

"भिंतीला हात लावू नका म्हटलं होतं ना, सर? दोनदा ठोकलंत."

"मी इथून हललो नाही."

"मग आलं कुठून? अगदी कानाशी. अंगठीने ठोकल्यासारखं."

सरांनी आपली बोटं त्याच्यापुढे धरली. खडूने खरबरीत झालेली, अंगठीचा पत्ता नाही. चिडीचूप बोटांकडे बघत राहिला, मग अवजारं गोळा करायला निघून गेला, आणि जाताना त्या भिंतीच्या कडेने गेला नाही.

सर मात्र तिथेच बसून राहिले. म्हणजे ती ठोकते आहे, पण तिच्या बाजूच्या नव्या भिंतीवर. आपण ओरडलो की ती अजूनही ठोकते, पुरे म्हणते, आणि आपल्याला ते या जन्मात ऐकू येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची मुलगी फळ्याशी गेली आणि हातचा विसरली. विसरल्याचं तिला आपणहून कळलं. तिने खांदे आकसले, डोळे घट्ट मिटले. सरांनी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. समजा, तिने ठोकलं आहे. गणितात नाही का आपण धरून चालत? समजा, ठोकून झालं आहे.

"हातचा राहिला, बाळा," ते हळू म्हणाले. "पुन्हा कर. मी थांबतो."

मुलीने एक डोळा उघडून बघितलं.