मोनिकाला खो

उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये पाळकसाहेबांनी करुणाचं नाव परस्पर घेतलं, तेव्हाच तिचं डोकं फिरलं. जानेवारीत आसपासच्या चार मंडळ्यांचा मेळावा होता. त्यात यंदा महिलांची खो-खो स्पर्धा ठेवली होती आणि आपल्या मंडळीचा संघ म्हणे 'आपल्या करुणाबाई' तयार करणार होत्या. आधी विचारायची पद्धतच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि करुणा तिसऱ्या बाकावर बसून हसल्यासारखं करत राहिली.

करुणा दुशिंग उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं खेळ शिकवत होती. कॉलेजात असताना ती राज्याच्या संघातून खेळलेली. शाळेतल्या पोरी तिच्या शिट्टीला घाबरायच्या. पण चर्चच्या आवारात शनिवारी चार वाजता ज्या बायका जमल्या, त्या कशालाच घाबरणाऱ्या नव्हत्या. चारचा सराव पावणेपाचला सुरू व्हायचा. आधी प्रार्थना. ती कुणी करायची यावर चर्चा. मग जी करायची ती आजारी नातेवाइकांची अख्खी यादी देवापुढं वाचायची. नंतर कुणीतरी डबा उघडायचं. एकजण चौकोनात उकिडवी बसल्या बसल्या फोनवर भाजीवाल्याशी बोलायची. दुसरी पळताना मध्येच थांबून म्हणायची, "बाई, मला आउट धरा, दम लागला."

"खेळात असं नसतं," करुणा म्हणायची.

"आता आपल्यात काय," ती म्हणायची आणि सावलीत जाऊन बसायची.

सगळ्यात वयस्कर होत्या सरूबाई. शेंद्र्याहून बसनं यायच्या. वय त्रेसष्ट. लहानपणी गावात खेळलेल्या, त्यामुळं मलाही घ्या म्हणून हटून बसलेल्या. करुणानं गुडघ्यांचं कारण सांगितलं, तर म्हणाल्या, "गुडघं माझं हायेत, तुमाला काय तरास?" स्वतःला धरून नऊजणी जमवता जमवता नाकी नऊ आले होते. त्यामुळं करुणानं त्यांना घेतलं.

आणि नववी होती मोनिका.

मोनिका म्हणजे करुणाची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. चार वर्षांपूर्वी सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा मोनिकानं त्यांना चिकलठाण्याला आपल्या घरी नेलं. करुणा शाळेचा संघ घेऊन नांदेडला गेली होती. दोन दिवसांत परत येते असं ती सासूबाईंना सांगून गेली, आणि परत आली ती थेट दफनविधीला. तिथं कुणीतरी विचारलं, थोरली कुठं होती? मोनिका म्हणाली, "ताई स्पर्धेला गेल्या होत्या." एवढंच. पण ते सगळ्यांनी ऐकलं, आणि मागं उभ्या असलेल्या करुणानंही.

त्यानंतर दोघींमध्ये सलाम उरला. रविवारी चर्चच्या दारात करुणा 'सलाम' म्हणायची आणि पुढं जायची. प्रभूची प्रार्थना सगळे मोठ्यानं म्हणायचे, त्यात क्षमेची ओळ आली की करुणाचे ओठ नुसते हलायचे. पाळकसाहेब लागोपाठ तीन रविवार ख्रिस्ती माणसाच्या आनंदावर बोलले, तेव्हा तिनं तीनदा घड्याळ पाहिलं. ती उपास चुकवत नव्हती, वर्गणी चुकवत नव्हती, एकही उपासना चुकवत नव्हती. आता वर आनंदसुद्धा तिनंच आणायचा होता?

मोनिका खेळायची वाईट. खो मिळाला की उठायची, क्षणभर विचार करायची आणि हमखास उलटीकडं वळायची. फाऊल झाला की स्वतःच पोट धरून हसायची. करुणाला तिच्या फाऊलपेक्षा ते हसू जास्त टोचायचं.

सरावाच्या पाचव्या शनिवारी सरूबाईंनी तिला बाजूला घेतलं. "बाई, एक इचारू? तुमी गड्याच्या पाठीवर असताना मोनिकाला खो का देत नाय?"

"देते की."

"नाय देत. मी तिच्या शेजारीच बसते. तुमी तिला सोडून खांबापर्यंत पळता अन् वळून येता. दम तुमचाच जातो."

"तिला खेळता येत नाही, सरूबाई."

"मला तरी कुठं येतं?" सरूबाई म्हणाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मेळाव्याच्या दिवशी ऊन चांगलंच होतं. मैदानाच्या एका बाजूला मंडप, दुसऱ्या बाजूला चुन्यानं आखलेलं खो-खोचं अंगण. पहिलाच सामना जालन्याच्या मंडळीशी. त्यांच्यात एक पंचवीस वर्षांची नर्स होती, श्रेया नावाची. वाऱ्यासारखी पळायची. तरी करुणाच्या संघानं सामना बरोबरीत आणला. सरूबाईंनी एकीला बाद केलं तेव्हा मंडपातल्या बायका उभ्या राहिल्या. शेवटचं मिनिट उरलं होतं, जिंकायला एक गडी हवा होता, समोर श्रेया होती आणि तिच्या मागं करुणा.

करुणाला सगळं दिसत होतं. श्रेया पलीकडच्या बाजूला, मोनिकाच्या अगदी तोंडासमोर उभी होती. मोनिकाला खो दिला असता, तर तिला नुसता हात लांब करायचा होता. मोनिकाची पाठ हातभर अंतरावर होती. ती मान वळवून वाट बघत होती.

करुणा तिला ओलांडून पळाली. खांबाला वळसा घातला. तोवर श्रेया दुसऱ्या टोकाला पोचली होती. शिट्टी वाजली आणि करुणा गुडघ्यांवर हात ठेवून तिथंच वाकून उभी राहिली. जादा डावात जालन्यानं त्यांना सहज हरवलं.

पाण्याच्या ड्रमापाशी मोनिका तिच्यासमोर येऊन उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं सलाम म्हटला नाही.

"ताई, माझी पाठ समोर होती."

"दिसली नाही मला."

"दिसली. तुम्ही बघितलं माझ्याकडं. मी वाईट खेळते, कबूल. पण ती तिथं उभी होती, मला हात लावायचा होता फक्त. तुम्ही हरलात ते चाललं तुम्हाला, पण मला खो द्यायचा नव्हता."

करुणाच्या तोंडात पाणी होतं. ते गिळेपर्यंत तिचा संताप वर आला. "आणि तू? आईंच्या दफनाला सगळ्या लोकांसमोर काय बोललीस? ताई स्पर्धेला गेल्या होत्या. सासू मरत होती आणि थोरली सून खेळायला गेली होती, असंच ना?"

मोनिका तिच्याकडं बघतच राहिली. "तुम्हाला ते तसं वाटलं?"

"मग कसं वाटायला हवं होतं?"

"अहो, ते आईंचे शब्द होते," मोनिका म्हणाली. "दवाखान्यात नेल्यावर ज्याला त्याला सांगत होत्या. नर्सला, फरशी पुसणाऱ्या बाईला. माझी थोरली पोरींना घेऊन नांदेडला गेलीय, स्पर्धेला. मी तुम्हाला फोन लावायला घेतला तर फोन काढून घेतला हातातून. म्हणाल्या, मॅच होऊ दे, मग सांग. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले बऱ्या आहेत. आणि पहाटे गेल्या. मला तर वाटत होतं, मी फोन केला नाही म्हणून तुम्ही माझ्यावर रागावल्यात. ते बरोबरच होतं. करायला हवा होता."

"मग हे सांगायचं नाही का?"

"कधी सांगणार? तुम्ही सलाम म्हणता आणि पुढं जाता."

करुणाला रडू यायला हवं होतं. पण तिला आधी आली ती नुसती चीड, आणि या वेळी ती मोनिकावर नव्हती. चार वर्षं. चार नाताळ वेगवेगळ्या घरांत, दोन्हीकडं वेगळा फराळ, भाऊ-भाऊ बिचारे दोघींच्या मध्ये अडकलेले. शाळेत दोन पोरी भांडल्या तर ती पाच मिनिटांत समोरासमोर उभं करून मिटवायची. आणि स्वतः काय केलं?

"मी मूर्ख आहे," ती म्हणाली.

"मीपण आहे," मोनिका म्हणाली. "आईंना माहीत होतं ते. दोघींचंही."

यावर करुणाला हसू आलं, आणि मग डोळे भरले, ते मात्र थांबेनात. मोनिकानं तिला पदर दिला. तो घामानं ओला होता.

तेवढ्यात सरूबाई आल्या. "झालं का भांडून? तिसऱ्या नंबराची म्याच लागलीय. पंच बोंबलायला लागलाय." मग बाकीच्यांना हाकारून त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि डोळे मिटले. "प्रभू, आमी हारलो, पण लई मजा आली. अजून एक खेळ दे. आमेन."

करुणानं आयुष्यात ऐकलेली ही सगळ्यात छोटी प्रार्थना होती. पहिल्यांदाच तिला आमेन म्हणायची घाई झाली.

तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात तिनं पहिल्याच फेरीत मोनिकाच्या पाठीवर हात मारला. "खो!" मोनिका उठली, क्षणभर थांबली आणि उलटीकडं वळली. फाऊल.

"मोनिका, सरळ जायचं, सरळ," करुणा ओरडली. "तोंड जिकडं आहे तिकडं पळ. एवढं काय अवघड आहे त्यात?"

"सांगा ना आधी," मोनिका ओरडली आणि हसायला लागली. या वेळी करुणालाही हसू आवरलं नाही, आणि हसता हसता तिच्या हातातली एक पळती सुटली. राज्याच्या संघात असताना असं झालं असतं तर तिला रात्रभर झोप लागली नसती. आता तिचा श्वास फुलला होता, गुडघा ठणकत होता, आणि तिला वाटत होतं, देवा, अजून दोन मिनिटं शिट्टी वाजू देऊ नको. हे मागणं होतं की आभार, ते तिला कळलं नाही. पण यादी न वाचता ती देवाशी बोलली होती. असं बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

पुढच्या खोला मोनिका सरळ गेली आणि तिनं गडी बाद केला. स्वतःलाच विश्वास न बसून ती तिथंच उभी राहिली, त्यामुळं दुसरी पळून गेली. करुणा पुन्हा ओरडली. एका गड्यानं त्या जिंकल्या. चार संघांत तिसऱ्या.

संध्याकाळी मोनिका करुणाच्या स्कूटीवर मागं बसली. दोघींचे नवरे मोटरसायकलवर पुढं गेले होते. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं, आणि निघताना दोघी एका गाडीवर दिसल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मोनिका जालना रोडभर बोलत होती. फाऊलचा नियमच कसा चुकीचा आहे, माणसाला मागं वळून बघायची मुभा हवी, वगैरे.

"नियम शंभर वर्षं जुना आहे," करुणा म्हणाली. "तुझ्यासाठी बदलणार नाहीत."

"विचारून तर बघा. तुमची ओळख आहे ना?"

"मोनिका, गप्प बस. मला ट्रॅफिक दिसत नाहीये."

मोनिका सिग्नलपर्यंत गप्प बसली. मग तिनं विचारलं, पुढच्या शनिवारी सराव किती वाजता?

"स्पर्धा संपली."

"ते माहीत आहे. सराव किती वाजता?"

"चार," करुणा म्हणाली. "आणि चार म्हणजे चार."

"बरं. म्हणजे पावणेपाचला येते," मोनिका म्हणाली.