नांगराचं पहिलं तास

लॉरिड्सने काढलेलं तास म्हणजे सुतात आखलेली रेघ. उत्तर युटलंडच्या नांगरट स्पर्धांत त्याने इतके चषक पटकावले होते की बायको त्यांतल्या एकात बटाट्याच्या साली टाकायची. पण शेत मुलीच्या, मारेनच्या, हाती गेलं आणि तिने नांगराला कायमची रजा दिली. मका काढायचा, धसकटं तशीच ठेवायची, वसंतात त्यांतच पेरायचं. म्हाताऱ्याच्या जिवाची नुसती तगमग.

यंदाचा उन्हाळा गारठ्याचा नि पावसाचा गेला आणि मक्याच्या पानांवर बुरशीच्या ठिपक्यांचे डोळे फुटले. पान उजेडात धरलं की बारीक तपकिरी बुबुळं, भोवती पिवळं कडं. बघणाऱ्याकडे तीच टकामका बघायची. पानं अवेळी करपली, गाईंच्या चाऱ्याचा मुरघास निम्माही भरला नाही. पुढच्या साली हेच झालं तर गाई विकण्यावाचून मारेनला गत्यंतर नव्हतं.

"ही बुरशी तुझ्या धसकटांवर हिवाळा काढते," कॉफी ओतता ओतता लॉरिड्स म्हणाला. "पाहुणीला अंथरूण तूच घालून दिलंस."

"मान्य, बाबा. म्हणून तर यंदा सगळ्याची बारीक कुट्टी करून पसरलीय. गांडुळं ओढून नेतील खाली."

"गांडुळं! मजुरी काय घेतात गं?"

"नांगर घालून त्यांची घरं मोडू नयेत, एवढीच."

"आणि नाही घातला तर तुझं मोडेल, पोरी."

गाई विकाव्या लागण्याची धास्ती मारेनलाही होतीच. "घाल मग," ती म्हणाली आणि कप न विसळताच गोठ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी फटफटताना, ओल्या धुक्यात, लॉरिड्सने ट्रॅक्टर शेताच्या तोंडाशी आणून बंद केला. पहिलं तास सरळ यायचं तर समोर खूण हवी. चालत जाऊन त्याने पलीकडच्या टोकाला लाल-पांढरी काठी रोवली आणि परत येऊन, नेहमीसारखी नजर जमिनीलगत नेऊन, रेघ जोखायला गुडघ्यांवर बसला.

काल आडवे पसरलेले मक्याचे तुकडे जागोजाग उभे होते. कुणी रोवले? एवढ्यात एक पान हललं. वारा तर नव्हता. पानाची सुरळी होत गेली, ती अडली, पुन्हा ओढली गेली आणि मातीत दिसेनाशी झाली. शेजारी दुसरं पान निघालं. त्यापलीकडे तिसरं. कान लावला तर सगळीकडून बारीक कुरकुर येत होती. शेत आपलं आपणच नांगरून घेत होतं.

लॉरिड्सच्या अंगावर सरसरून काटा आला. आपला जन्म या मातीवर गेला, आणि पायाखाली एवढं मोठं गाव नांदतंय याचा आपल्याला पत्ता नाही! त्याने टोपी काढली.

ट्रॅक्टरचा आवाज येईना म्हणून मारेन धावत आली. "बाबा, पडलास की काय?"

"श्श! हळू पाय टाक." ती जवळ टेकली तसं त्याने विचारलं, "किती असतील गं?"

"कुणी मोजलंय?"

"वसंतापर्यंत संपवतील सगळं?"

"माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही."

तो गुडघे झटकून उठला. मग ट्रॅक्टरवर चढला. वळवायचा तर चाकं शेतात गेली असती. म्हणून नांगर उचलून, मान मुरगाळून, आल्या चाकोरीनेच तो उलटा फाटकापर्यंत गेला. जाण्यायेण्याची मिळून चाकोरी एकच उमटली.

काठी मात्र पलीकडे तशीच उभी राहिली. ती आणायला शेत तुडवावं लागलं असतं.