सातविणीची साल

खारबावला आत्याच्या घरात शिरताच हेमालीला तापावर देतात त्या सातविणीच्या सालीच्या काढ्याचा वास आला. आत्याचे यजमान दामूमामा गोधडीत कुडकुडत होते. दवाखान्याने मलेरियावर दिलेल्या गोळ्या फळीवर तशाच पडल्या होत्या.

"गोळ्या का नाही दिल्यास, आत्या?"

"आता गं! तूच फोनवर नाचत व्हतीस ना, या सालीनं लॅबमदी जंतू मेले म्हनून?"

हेमालीने फळीवरच्या गोळ्या उचलल्या. भिवंडीच्या लॅबमध्ये तिने साल मेथॅनॉल या अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला होता. आत्या ती पाण्यात उकळत होती, त्यात तोच अर्क उतरेल याची खात्री नव्हती. शिवाय फोननंतर हेमालीने रक्ताच्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा अर्काने तांबड्या पेशीच फोडलेल्या दिसल्या. सालीने जंतू मारले नव्हते, त्यांना राहायला घरच उरलं नव्हतं. हे सांगायला मात्र तिने फोन केला नाही. लाज वाटली होती.

तिने आता सगळं सांगितलं.

"आज गोळी म्हनतेस, उद्या परत शब्द फिरवशील," गुणाआत्या म्हणाली.

 हेमालीने गोळी मामांपुढे धरली. मामांनी आधी बायकोकडे पाहिलं.  आत्याने त्यांच्यासमोरचा काढ्याचा पेला मागे घेतला.